रणछोड : भारी पत्ते खाली ठेवताना



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५० ते ५२. जरासंधाच्या स्वाऱ्या, कालयवन, मुचुकुंद आणि प्रवर्षण पर्वत. एका दिवसाला तीन अध्याय जरा जास्त होतात, मान्य. पण ही गोष्ट मध्येच तोडली तर अर्धवट कळते. ऑफिसला जाताना दोन वाचा, येताना एक.

डाकोरला किंवा द्वारकेला जाऊन आलेल्यांना 'रणछोडराय' हे नाव माहीत असेल. रण सोडून गेलेला. दुसऱ्या कुणाला असं म्हटलं तर भांडण होईल. आणि आपण हेच नाव घेऊन देवाची आरती करतो! आज या एका नावावर बोलायचंय. त्यासाठी एक असा खेळ मध्ये आणतोय की काही जण नक्की नाक मुरडतील. पोकर.

आधीच सांगतो, पैसे लावून खेळा असं इथे कुणी म्हणत नाहीये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याआधी आपल्या वयाच्या कितीतरी मुलांच्या फोनमध्ये ही ॲप्स होती. द्यूताने घर कसं बसतं हे सांगायला सभापर्व आहेच, त्यात मी काय भर घालणार? पण गंमत बघा, गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती मोजतात तेव्हा त्या यादीत द्यूतही आहे. म्हणजे त्याच्याकडे बघून काही शिकायला हरकत नसावी. आम्ही हॉस्टेलवर काडेपेटीतल्या काड्या लावून खेळायचो. काड्या हरल्या तरी चहाचे पैसे खिशात राहायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोकरचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन बंद पत्ते. टेबलावर पाच पत्ते सगळ्यांचे मिळून, ते टप्प्याटप्प्याने उघडतात : आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. आपले दोन आणि टेबलावरचे पाच यांतून पाच पत्त्यांची सगळ्यात चांगली जुळणी करायची. दर टप्प्यावर बोली. समोरच्याने लावलेली बोली भरा, वाढवा, नाहीतर पत्ते पालथे टाकून डावातून बाहेर पडा. या बाहेर पडण्याला फोल्ड म्हणतात. दिवाळीत तीन पत्ती खेळताना काका लोक 'पॅक' म्हणतात, तेच.

दुर्री-सत्ती आली तर पत्ते कुणीही टाकेल. त्यात काही विशेष नाही. खरा प्रश्न भारी पत्त्यांचा.

समजा तुमच्या हातात दोन एक्के आले, इस्पिकचा आणि बदामचा. सरासरी २२१ डावांत एकदा असं होतं. समोर एकच खेळाडू असेल, त्याचे पत्ते कुठलेही असतील आणि डाव शेवटपर्यंत गेला, तर हे दोन एक्के साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. म्हणून तुम्ही जोरात बोली लावता. समोर एक शांत माणूस बसलाय. संध्याकाळभर त्याने मोजकेच डाव खेळलेत, बाकीचे सरळ टाकून दिलेत. तो तुमची बोली भरतो. टेबलावर उघडतं किलवर दश्शी, किलवर नव्वी, चौकट पंजी. तुम्ही बोली लावता, तो भरतो. चौथा पत्ता : किलवर अठ्ठी. पुन्हा तुम्ही लावता, तो भरतो. शेवटचा पत्ता इस्पिक दुर्री, कुणाच्याच कामाची नाही. आणि आता हा शांत माणूस पहिल्यांदाच स्वतःहून मोठी बोली लावतो. पॉटमध्ये १०० चिप्स आहेत, तो आणखी १०० पुढे सरकवतो.

गणित सोपं आहे. तुम्हाला १०० भरून २०० जिंकायचेत. तीन वेळांत एकदा जरी तो थाप मारत असेल तरी तुमची बरोबरी होते. त्याहून कमी वेळा मारत असेल, तर भरणं तोट्याचं. हा माणूस अशा ठिकाणी, अशा पत्त्यांवर, तीनात एकदा थाप मारणारा आहे का? त्याच्याकडे दोन किलवर असतील तर तुम्ही गेलात. राणी-गुलाम असेल, गुलाम-सत्ती असेल, सत्ती-छक्की असेल, तरी गेलात. दश्शी-नव्वीची दोन जोडी असेल, तरीसुद्धा गेलात.

आणि याच वेळी मनात एक आवाज येतो : "अरे, पण एक्के आहेत ना!"

मला या वाक्याचं फार कौतुक वाटतं. ते शंभर टक्के खरं आहे आणि या क्षणी त्याचा काडीचा उपयोग नाही. एक्के भारी होते ते टेबल रिकामं असताना. टेबलावर पाच पत्ते उघडले, समोरचा माणूस तीनदा बोलला, आणि तेच दोन एक्के आता साधी एक जोडी आहेत. पत्ते बदलले नाहीत, त्यांची किंमत बदलली. तीही तुमच्या हातात नाही, टेबलावर बदलली. खेळाडू हरतो तो बहुतेक वेळा वाईट पत्त्यांमुळे हरत नाही. अर्ध्या तासापूर्वी भारी असलेले पत्ते त्याला सोडवत नाहीत, म्हणून हरतो.

आता मथुरेला या.

कंसाला मारल्यावर त्याचा सासरा जरासंध चिडला. दोन मुली विधवा झालेल्या. भागवत सांगतं की तो २३ अक्षौहिणी सैन्य घेऊन मथुरेवर आला. कृष्ण-बलरामांनी सगळं सैन्य कापलं, बलरामाने त्याला दोरांनी बांधलंसुद्धा, पण कृष्णाने सोडून द्यायला लावलं. तो पुन्हा आला. पुन्हा हरला. असं १७ वेळा. सतरापैकी सतरा! आमच्याकडे एखाद्या सिस्टिमचा असा आकडा असता तर डॅशबोर्ड फ्रेम करून भिंतीला लावला असता.

अठरावी स्वारी यायची वेळ झाली. यादवांच्या घराघरांत काय बोलणं चाललं असेल, आपण कल्पना करू शकतो. "येऊ दे, अठराव्यांदा हरेल." सतरा विजय म्हणजे हातातले एक्केच की. पण नेमकं याच वेळी कालयवन तीन कोटींचं सैन्य घेऊन मथुरेला वेढा घालतो. आणि कृष्ण बलरामाशी जे बोलतो ते सावकाश वाचा, पन्नासाव्या अध्यायाच्या शेवटी आहे. त्याचा विचार साधारण असा : याने आज आपल्याला अडवलंय, जरासंध आज, उद्या किंवा परवा येईल. आपण दोघं याच्याशी लढत राहिलो आणि तेवढ्यात तो आला, तर आपले लोक मारले जातील किंवा कैद करून नेले जातील.

बघा, यात 'आपण हरू' असं कुठेच नाही. दोघं भाऊ जिंकतीलच, त्याबद्दल शंका नाही. पण दोघं एका दरवाज्यावर लढत असतील तेव्हा दुसऱ्या दरवाज्यावर म्हातारे, बायका, मुलं असतील. सतरा वेळा टेबलावर एकच शत्रू होता. या वेळी नवीन पत्ता उघडलाय, आणि डावावर जे लागलंय ते आपलं स्वतःचं नाही.

मग समुद्रात बारा योजनांचं नगर उभं राहतं, सगळी माणसं तिकडे हलवली जातात, आणि कृष्ण मथुरेच्या वेशीतून एकटा बाहेर पडतो. गळ्यात कमळांची माळ, हातात शस्त्र नाही. कालयवन मागे लागतो, यदुकुळात जन्मून पळतोस म्हणून टोमणे मारतो. पुढचं मुचुकुंदाच्या गुहेचं तुम्हाला माहीत आहे.

पण मला जास्त आवडतो तो त्याच्या नंतरचा प्रसंग, जो कीर्तनात बरेचदा सुटतो. कालयवन भस्म झाला, कृष्णाने परत येऊन त्याचं सैन्यही संपवलं. त्याची संपत्ती बैलांवर लादून द्वारकेकडे निघाली होती. म्हणजे जिंकलेला पॉट हातात आहे. आणि तेवढ्यात जरासंध पुन्हा २३ अक्षौहिणी घेऊन आडवा येतो. दोघं भाऊ काय करतात? सगळी संपत्ती रस्त्यात तशीच सोडून, अनवाणी, पळत सुटतात. भागवतकार स्पष्ट म्हणतात की यांना भीती नव्हतीच, ते भ्यालेल्यांसारखे वागले. जरासंध हसतो. ते प्रवर्षण पर्वतावर चढतात, तो पर्वत पेटवून देतो, ते अकरा योजने उंचावरून खाली उडी मारून गुपचूप द्वारकेला पोचतात. जरासंधाला वाटतं, जळाले. तो खुशीत मगधाला परत जातो.

सतरा वेळा हरवलेल्या माणसाला हसू द्यायचं. त्याला आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मिळाला असं वाटू द्यायचं आणि त्याचा गैरसमज दूर करायला परत जायचं नाही. मला विचाराल तर गोवर्धन उचलण्यापेक्षा हे अवघड आहे. (हे माझं मत. आजीला पटत नाही.)

"तो देव होता, त्याची लीला" असं म्हणून पुढे जाता येतं, पण मग त्यातून आपल्याला काय मिळालं? शिवाय महाभारतात स्वतः कृष्ण हे लपवत नाही. सभापर्वात युधिष्ठिर राजसूय यज्ञाबद्दल विचारतो, तेव्हा कृष्ण त्याला सरळ सांगतो की जरासंधाच्या भयाने आम्ही मथुरा सोडली आणि रैवतक पर्वताच्या आश्रयाने द्वारकेला राहिलो. जरासंधाचा शेवट पुढे झालाच, भीमाच्या हातून, मल्लयुद्धात, मगधातच. पण तेव्हा तिथे मथुरेची मुलंबाळं डावावर नव्हती.

आता तुमच्यातले हुशार लोक विचारणार, आणि विचारायलाच हवं : मग अर्जुनाचं काय? तोही रण सोडतच होता की! त्याचेही तर्क चांगले होते, कुळाचा नाश, गुरुजनांची हत्या. एकाच देवाने स्वतः रण सोडायचं आणि भक्ताला अठरा अध्याय सांगून लढायला लावायचं?

यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. मला जे उत्तर सापडलं ते पोकरच्या भाषेतच सापडलं. अर्जुनाने धनुष्य खाली ठेवलं त्या क्षणी टेबलावर कोणता नवीन पत्ता उघडला होता? एकही नाही. भीष्म समोर असणार हे त्याला माहीत होतं. द्रोण असणार, हेही माहीत होतं. तडजोडीचे सगळे प्रयत्न होऊन गेले होते, पाच गावांवरसुद्धा समेट झाला नव्हता, स्वतः कृष्ण शिष्टाई करून रिकाम्या हाताने परत आला होता. बदललं ते फक्त अर्जुनाच्या पोटात. रथ मध्ये उभा राहिला, चेहरे दिसले, हात थरथरले. आणि मग त्या थरथरीला शोभतील असे तर्क जमा झाले.

दुसरं, अर्जुन उठून गेला असता तर युद्ध थांबलं नसतं. त्याच्या वाट्याची किंमत भीमाने, अभिमन्यूने, उरलेल्या सैन्याने भरली असती. कृष्णाने मथुरा सोडली तेव्हा किंमत एकट्या कृष्णाच्या नावावर पडली. आजपर्यंत पडते आहे. रणछोड.

म्हणून चांगले पत्ते टाकायची वेळ आली की मी एवढंच बघायचा प्रयत्न करतो : समोर खरंच काही नवीन उघडलंय, की माझ्याच पोटात गोळा आलाय? आणि मी उठलो तर बिल कोण भरणार? पोकरच्या टेबलावर दुसरा प्रश्न येत नाही, तिथे प्रत्येकाची काडी स्वतःची. आयुष्यात येतो.

माझा एक मित्र यूपीएससीची तयारी करत होता. सदाशिव पेठेतली खोली, अभ्यासिका, मेसचा डबा, ते सगळं. चार प्रयत्न झाले, त्यात दोनदा मुलाखतीपर्यंत गेला. म्हणजे पत्ते भारीच की. खुल्या गटात सहा प्रयत्न मिळतात, त्याचे दोन शिल्लक होते. आणि त्याने सोडलं. आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. "दोनदा मुलाखत झालीय, आता सोडतोस? एवढी वर्षं घातलीस ती?" त्याने आमच्याशी वाद घातला नाही. नंतर कधीतरी बोलता बोलता कळलं की निवृत्त झालेल्या वडिलांनी एका दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं होतं आणि घरात कुणी ते त्याला सांगितलं नव्हतं. त्याच्या टेबलावर तो पत्ता उघडला होता, आमच्या नव्हता. आम्ही अजून त्याचे एक्केच मोजत होतो.

पाचव्या प्रयत्नात तो झाला असता का? कुणाला माहीत. त्यालाही कधी कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर आजच्या वाचनात मला सगळ्यात जास्त हेच टोचलं.

कारण पोकरमध्ये तुम्ही पत्ते टाकलेत की समोरच्याने आपले पत्ते दाखवायचं बंधन नसतं. तो पॉट ओढून घेतो, पत्ते पालथेच गड्डीत जातात. त्याच्याकडे दोन किलवर होते की नुसतीच थाप होती, हे तुम्हाला कळत नाही. भरून हरलात तर निदान कळतं. भरून जिंकलात तर टाळ्या पडतात. सोडलंत, तर काहीच नाही. रात्री झोपताना तो डाव डोक्यात पुन्हा चालू होतो आणि त्याचा शेवट होत नाही. आमच्या कामातही असंच होतं. शुक्रवारी संध्याकाळी एखादं चांगलं रिलीज एका संशयावरून मागे घेतलं, तर सोमवारी कुणी येऊन सांगत नाही की तुम्ही सिस्टिम पडण्यापासून वाचवली. न पडलेल्या सिस्टिमचा ईमेल येत नसतो.

गीतेतला फळावर हक्क न सांगण्याचा उपदेश आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. मला तो कायम 'मेहनत कर, प्रमोशन मिळो न मिळो' अशा अर्थाने शिकवला गेला. पण तिथे फळ निदान दिसतं तरी, मिळो वा न मिळो. नीट विचारपूर्वक सोडून देणं हे असं कर्म आहे की त्याचं फळ डोळ्यांना दिसतच नाही. आपण बरोबर होतो याचा पुरावा कुठूनही येणार नाही. मथुरेत ते राहिले असते तर काय झालं असतं, हे यादवांपैकी कुणालाही कधी कळलं नसेल. द्वारकेत बसून कुणीतरी म्हणालंच असेल, "उगीच पळालो, आपण जिंकलो असतो." आणि त्याला खोडून काढायला कृष्णाकडेसुद्धा काही नव्हतं.

युधिष्ठिराला हे जमलं नाही. मथुरा सोडल्याची गोष्ट खुद्द कृष्णाच्या तोंडून ऐकलेला हा माणूस, आणि त्याच सभापर्वात पुढे तो शकुनीसमोर बसतो. संपत्ती गेली, राज्य गेलं, भाऊ गेले, स्वतः गेला, द्रौपदी गेली. द्रौपदीमुळे सगळं परत मिळालं, घरी निघाले, आणि वाटेतून पुन्हा बोलावणं आल्यावर तो परत जाऊन बसला! आव्हान आलं की मागे फिरायचं नाही, हे त्याचं व्रत. क्षत्रियाला शोभणारंच. पण रणातून पळू नये हेही क्षत्रियाचंच व्रत आहे, आणि कृष्णाने ते मथुरेच्या वेशीवर ठेवून दिलं होतं. वनपर्वात पांडवांना भेटल्यावर कृष्ण म्हणतो की मी द्वारकेत असतो तर न बोलावता येऊन हा खेळ थांबवला असता. तो तेव्हा शाल्वाशी लढत होता. युधिष्ठिराच्या हातात भारी पत्तेसुद्धा नव्हते, हे वेगळंच. त्याच्याकडे 'मी मागे फिरत नाही' एवढंच होतं.

जाता जाता एक. आपला पांडुरंग म्हणजे द्वारकेचा राणा. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात आली आणि तिच्या मागोमाग देव द्वारकेहून पंढरपूरला आला, अशी आपल्याकडची कथा. मथुरा सुटली नसती तर द्वारका नव्हती. वारीत चालणाऱ्या किती जणांच्या मनात येत असेल की हा विटेवर उभा आहे तो आधी अनवाणी पळालेला आहे?

उद्या बावन्नाव्या अध्यायाचा शेवटचा भाग आणि त्रेपन्नावा : रुक्मिणीचा निरोप आणि हरण. तिथे मात्र कृष्ण एक क्षणही थांबत नाही, रातोरात रथ जोडतो. वाचून या, मग बोलू.

राम कृष्ण हरी.